परसातल्या कोंबड्यांचा दिवस आणि रात्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोंबडी निपचित पडलेली दिसली की नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ती झोपली आहे, ऊन खाते आहे की आजारी पडली आहे, हे सुरुवातीला ओळखता येत नाही. खालच्या उत्तरांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: कोंबडी काय करते याच्याइतकंच ती ते कोणत्या वेळी करते हे पाहायला हवं. भर दुपारी डोळे मिटून बसलेल्या कोंबडीची काळजी करायचं कारण नाही. पण सकाळी आठ वाजता बाकीच्या चरत असताना एक जण तशीच बसली असेल, तर हातातलं काम टाकून तिच्याकडे जावं.

निरोगी कोंबडीचा दिवस साधारण कसा जातो?

उजाडलं की ती खुराड्यातल्या झोपायच्या दांडीवरून उतरते, पाणी पिते आणि खाण्यावर तुटून पडते. रात्रभर पोट रिकामं झालेलं असतं. मग उकरत, टिपत फिरणं सुरू होतं. सकाळचा हा भर ओसरला की अंडी घालायची वेळ येते, मधून मधून पिसं नीट केली जातात. दुपार म्हणजे धुळीत लोळणं, ऊन खाणं आणि सावलीत बसून डुलक्या काढणं. ऊन उतरलं की चरण्याचा दुसरा जोर येतो. हा सकाळइतकाच आणि पुष्कळदा त्याहून मोठा असतो, कारण आता रात्रीची बेगमी करायची असते. दिवेलागणीला सगळ्या पुन्हा दांडीवर.

हे सगळं त्या बहुतेक एकत्रच करतात. एक लोळायला लागली की दुसरी येऊन लोळते, एक बसली की आणखी दोघी बसतात. म्हणून एकट्या कोंबडीकडे बघण्यापेक्षा आधी सगळ्यांकडे बघा आणि कोण वेगळं वागतंय ते शोधा.

पोटभर खाद्य दिलं तरी दिवसभर उकरतच असतात. भुकेल्या राहतात का?

नाही. उकरणं आणि टिपणं हे कोंबडीचं मुख्य काम आहे आणि भूक भागली तरी ते थांबत नाही. आपल्या पाळीव कोंबड्या आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबड्यापासून आल्या. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक मारियन डॉकिन्स यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राणिसंग्रहालयातले असे रानकोंबडे रोज खाद्य मिळत असूनही, नोंद घेतलेल्या मिनिटांपैकी सुमारे ६० टक्के मिनिटांत जमिनीवर टिपताना दिसले. पिढ्यान्‌पिढ्या खुराड्यात राहूनही पाळीव कोंबडीची ही ओढ गेलेली नाही.

अंडी देणाऱ्या मध्यम आकाराच्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं आणि त्याच्या दुप्पट, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त पाणी. तेवढं मिळत असेल तर उकरण्याची चिंता नको. उलट चिंता करावी ती उकरायला जागाच नसेल तर. मोकळी माती, पालापाचोळा, गवत यांतलं काहीच नसलं की त्याच चोची एकमेकींच्या पिसांकडे वळतात. पिसं उपटण्याच्या तक्रारींमध्ये मला सगळ्यात आधी हेच विचारावंसं वाटतं: त्यांना दिवसभर करायला काय आहे?

सकाळी खुराडं किती वाजता उघडायचं?

उजाडल्यावर लवकरात लवकर, पण पुरतं फटफटल्यावर. पहाटेच्या अंधुक उजेडात शिकारी प्राणी अजून फिरत असतात. उशिरापर्यंत कोंडून ठेवलं तर आत पाणी आणि खाद्य हवंच, कारण त्या जाग्या झालेल्या असतात. दार बंद असलं तरी उजेड त्यांना कळतो. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेडही त्यांना जाणवतो. सुट्टीच्या दिवशी तुम्ही उशिरा उठलात तरी त्यांचा दिवस उशिरा सुरू होत नाही, आणि दाराआड ताटकळलेल्या कोंबड्या आपसात भांडतात.

कोंबडा उजाडण्याआधीच का आरवतो?

कारण त्याच्या शरीरातच घड्याळ आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या शिमुरा आणि योशिमुरा यांनी २०१३ साली हे दाखवून दिलं. सतत अंधुक उजेडात ठेवलेले कोंबडेही सुरुवातीचे काही दिवस साधारण २४ तासांच्या ठेक्यावर आरवत राहिले. बाहेर तांबडं फुटलं की नाही हे कळायला त्यांच्याकडे काहीच मार्ग नव्हता. ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही, हे या प्रयोगाने सिद्ध केलं.

त्याच संशोधकांनी २०१५ साली आणखी एक गोष्ट नोंदवली: एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहाटे पहिली बांग सगळ्यात वरच्या मानाचा कोंबडा देतो आणि बाकीचे त्याच्यामागून क्रमाने देतात. दिवसाही कोंबडे आरवतात. दुसऱ्या कोंबड्याचा आवाज, अनोळखी माणूस, गाडीचा आवाज, काहीही पुरतं. वेळी-अवेळी आरवणं हे आजाराचं लक्षण नाही. शेजाऱ्यांचा प्रश्न असेल तर खुराडं अंधारं ठेवून आवाज थोडा दबतो, पूर्ण थांबत नाही.

अंडं घालायची वेळ रोज पुढे का सरकते? आणि मधेच एक दिवस खाडा का?

एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले सुमारे २० तास नुसत्या कवचाला जातात. अंडं बाहेर पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात अंडाशयातून पुढचा बलक सुटतो, म्हणजे रोज तासभर उशीर साठत जातो. आज सकाळी आठला, उद्या नऊनंतर, परवा आणखी पुढे. बलक सुटण्याला मात्र दिवसातला ठरावीक काळच मोकळा असतो. अंडं दुपारी फार उशिरा आलं की पुढचा बलक त्या दिवशी सुटत नाही, एक दिवस मोकळा जातो आणि चक्र पुन्हा सकाळपासून सुरू होतं. त्यामुळे अधूनमधून खाडा पडणं अगदी ठीक आहे.

अंड्याआधी कोंबडी अस्वस्थ होते. अंडी घालायच्या खोक्यात जाते, बाहेर येते, दुसऱ्या खोक्यात डोकावते, पुन्हा पहिल्यातच जाते. आत बसल्यावर गवताच्या काड्या उचलून स्वतःच्या पाठीवर टाकते. अर्धा तास ते दीड तास ती तिथे बसली तरी हरकत नाही. उठल्यावर जो कलकलाट होतो तो कोंबडा आणि बाकीच्या कोंबड्याही उचलून धरतात.

कवच मुख्यतः रात्री घडत असल्यामुळे कॅल्शियमची भूक दुपारनंतर वाढते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवून पाहा. संध्याकाळी त्या भांड्याशी गर्दी दिसेल.

दुपारी कोंबडी एका कुशीवर, पंख पसरून, मान टाकून पडली होती. मेली असं वाटलं. हे काय?

ऊन खाणं. आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि घाबरण्यात काही चूक नाही, कारण दृश्य खरोखरच मेलेल्या कोंबडीसारखं असतं. ती एका कुशीवर कलते. वरचा पंख पंख्यासारखा उलगडते, त्याच बाजूचा पाय मागे ताणते, पिसं अशी फुलवते की खालची कातडी दिसावी. डोळे अर्धे मिटतात, डोळ्याची आतली पातळ पापणी मधूनच सरकते, चोच किंचित उघडी राहते. काही वेळाने ती कूस बदलते. जवळ जाऊन पाहिलंत तर छाती एका लयीत हलताना दिसेल. हाक मारलीत किंवा दाणे टाकलेत तर एका क्षणात उठून धावत येईल.

तीच खरी परीक्षा आहे. आरामात पडलेली कोंबडी चाहूल लागताच उठते आणि उठल्यावर अंग झटकते. आजारी कोंबडी उठत नाही, किंवा दोन पावलं टाकून पुन्हा बसते.

एका पायावर उभं राहून दुसऱ्या बाजूचा नव्हे तर एकाच बाजूचा पंख आणि पाय मागे ताणणं, हाही असाच आळस देण्याचा प्रकार आहे. नवख्या माणसाला तो लंगडेपणा वाटतो.

धुळीत किती वेळ लोळतात आणि रोज लोळायलाच हवं का?

मोकळी कोंबडी साधारण दर दोन दिवसांनी एकदा, २० ते ३० मिनिटं मनसोक्त लोळते. बहुतेकदा दुपारच्या सुमाराला. आधी चोचीने आणि पायांनी खळगा करते, मग त्यात बसून पंखांनी माती पिसांत उडवते, कुशीवर घासते, थोडा वेळ माती अंगावर तशीच ठेवून निपचित पडते आणि शेवटी उभी राहून सगळं झाडून टाकते. त्या मातीबरोबर पिसांवरचं जुनं, चिकट झालेलं तेल निघून जातं आणि उवांसारख्या परजीवींनाही आळा बसतो. नंतर शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचं ताजं तेल चोचीने घेऊन ती पिसांना लावते. दिवसातून कितीतरी वेळा पिसं सारखी करताना दिसते ती यासाठीच.

पावसाळ्यात कोरडी माती मिळत नाही तेव्हा छताखाली एखादी पसरट पेटी भरून ठेवा. कोरडी माती, वाळू, थोडी लाकडाची राख पुरते. ही सोय ऐच्छिक समजू नये. लोळायला मिळालं नाही तर कोंबड्या उघड्या जमिनीवर, अगदी जाळीवरसुद्धा, माती नसतानाच लोळण्याच्या हालचाली करतात. ते पाहवत नाही.

दुपारी सगळ्याच सुस्तावतात. हे ठीक आहे ना?

ठीक आहे. फक्त उन्हाळ्यात ही सुस्ती आणि उष्णतेचा त्रास यांतली रेषा ओळखा. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे तुरा, गळ्याखालचे कल्ले आणि धापा टाकणारा श्वास एवढंच असतं. हवा ३० अंशांच्या वर गेली की पंख अंगापासून दूर धरलेले आणि चोच उघडी दिसू लागते. सावलीत थंड पाणी असेल तर इथवर ती स्वतः सावरते. त्यापुढे मान लटकली, पाय लटपटले, तुरा फिका किंवा निळसर पडला, तर वाट पाहू नका. तिला सावलीत न्या, पाय आणि तुरा साध्या पाण्याने ओले करा, पाणी पाजा. बर्फाच्या पाण्यात एकदम बुडवू नका.

उष्ण दिवसांत चरण्याच्या वेळा आपोआप पहाटे आणि संध्याकाळकडे सरकतात. खाद्यही त्याच वेळी द्यावं. अन्न पचवताना शरीरात उष्णता तयार होते, म्हणून दुपारी जबरदस्तीने खाऊ घालू नये.

थंडीत आणि पावसात कमी फिरतात. त्यांना गरम करावं का?

थंडीत दिवस लहान होतो, म्हणून त्यांचा कामाचा वेळही लहान होतो. पिसं फुलवून, एक पाय पोटाशी घेऊन उभी असलेली कोंबडी ऊब राखते आहे. पिसं पूर्ण आलेल्या, निरोगी कोंबड्यांना दिव्याची ऊब सहसा लागत नाही, आणि खुराड्यातला दिवा आग लागण्याचं मोठं कारण ठरतो. थंडीपेक्षा ओल जास्त घातक. रात्रभराच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ वरून निघून जायला हवी, म्हणून दांडीच्या वर हवा खेळती ठेवा आणि दांडीच्या पातळीवर वाऱ्याचा झोत येऊ देऊ नका.

रिमझिम पावसात पुष्कळ कोंबड्या खुशाल चरतात, कारण गांडुळं वर येतात. धो धो पावसात आडोशाला जातात. भिजून थरथरणारी कोंबडी मात्र उचलून कोरडी करावी.

संध्याकाळी त्या आपणहून परत येतात, की हाकलाव्या लागतात?

आपणहून येतात, फक्त जागा ओळखीची हवी. नव्या कोंबड्यांना सुरुवातीचे काही दिवस नव्या खुराड्यातच ठेवलं की घर पक्कं होतं. त्यानंतर उजेड उतरायला लागला की त्या त्या दिशेने सरकू लागतात. ढग दाटून आले तर लवकर येतात. खग्रास सूर्यग्रहणात भर दिवसा कोंबड्या दांडीकडे वळल्याच्या नोंदी आहेत, इतकं हे उजेडावर चालतं.

दिवसातली ही घटका जमेल तेव्हा उभं राहून बघावी असं मी मनापासून सांगेन. वर चढण्याआधी प्रत्येक कोंबडी मान वाकडी करून दांडीकडे बघते, उंची जोखते, दोनदा गुडघे वाकवते आणि मग झेप घेते. वरच्या मानाची कोंबडी आपली जागा धरते. खालच्या मानाची तिच्या शेजारी बसली की डोक्यावर एक टोचा बसतो, ती उतरते, दुसऱ्या टोकाने पुन्हा चढते. कोणीतरी दोघींच्या मधे घुसते, ओळ सरकते, शेवटची खाली पडते. अंधार दाटेपर्यंत हे चालतं, मग कुरकुर हळूहळू विरते. रक्त निघत नसेल आणि शेवटी सगळ्यांना जागा मिळत असेल तर मधे पडू नका. रोजच कोणी खाली राहत असेल तर दांडी अपुरी आहे. प्रत्येकीला साधारण २० ते २५ सेंटिमीटर जागा हवी, आणि दांडी ४ ते ५ सेंटिमीटर रुंद, कडा गोल केलेली असावी.

याच वेळी गळ्याची अन्नपिशवी चाचपून बघता येते. छातीच्या वरच्या भागात, किंचित उजवीकडे, दिवसभराच्या खाण्याने टम्म भरलेली गाठ लागेल. रात्रभरात ती रिकामी होते. सकाळी, खाण्याआधी, ती तशीच भरलेली, कडक किंवा लिबलिबीत आणि आंबूस वासाची लागली तर पचन अडलं आहे.

रात्री कोंबड्या खरंच झोपतात का? एकीचा एकच डोळा मिटलेला दिसला.

झोपतात, आणि त्यांची झोप फार विलक्षण आहे. त्यांना मेंदूचा अर्धा भाग झोपवून दुसरा जागा ठेवता येतो. जागा असलेला भाग ज्या डोळ्याशी जोडलेला, तो डोळा उघडा राहतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या बदकांवरच्या अभ्यासात ओळीच्या टोकाला झोपलेली बदकं असं जास्त करताना आढळली, आणि त्यांचा उघडा डोळा बाहेरच्या बाजूला असे. म्हणजे दोन्ही बाजूंना शेजारीण असलेल्या कोंबडीची झोप टोकाच्या कोंबडीपेक्षा निवांत असावी, असं म्हणायला जागा आहे.

मेंदू दोन्हीकडून झोपतो तेव्हा मान खाली येते किंवा चोच पाठीच्या पिसांत खुपसली जाते. डोळे वेगाने हलण्याची, माणसाला स्वप्नं पडतात ती झोपेची अवस्था कोंबडीतही असते, पण ती एका वेळी काही सेकंदच टिकते.

अंधारात कोंबडीला फारच कमी दिसतं. त्यामुळे आजारी कोंबडीला औषध देणं, अंग तपासणं, नवी कोंबडी कळपात मिसळणं ही कामं रात्री सोपी जातात. पण त्याच कारणाने रात्री दांडीवरून खाली पाडलेली कोंबडी पुन्हा चढू शकत नाही. तिला उचलून जागेवर ठेवावं लागतं.

रात्री खुराड्यात लाइट चालू ठेवावा का?

नाही. अंधार त्यांना हवाच. अंडी वाढावीत म्हणून लहान दिवसांत काही जण जास्तीचा उजेड देतात आणि एकूण १४ ते १६ तास उजेड ठेवतात. त्यापुढे जाऊ नये. उरलेले आठ-दहा तास सलग अंधाराचे हवेत. वाढीव उजेड टायमर लावून पहाटे द्यावा. संध्याकाळी दिलेला लाइट पटकन बंद झाला तर दांडीवर न चढलेल्या कोंबड्या खालीच अडकतात. माझं मत विचाराल तर परसातल्या चार-सहा कोंबड्यांना ही सक्ती करू नये. थंडीतली विश्रांती त्यांच्या शरीराला लागते.

एक कोंबडी दांडीवर न बसता अंड्याच्या खोक्यात झोपते. का?

आधी रचना बघा. कोंबड्या झोपायला उपलब्ध असलेली सगळ्यात उंच जागा धरतात. खोकी दांडीपेक्षा उंच असतील तर त्या खोक्यातच झोपणार आणि अंडी घाणीत पडणार. खोकी खाली घ्या.

रचना ठीक असूनही एकटीच खाली झोपत असेल तर कारणं चार-पाच असतात. ती नवी किंवा तरुण असेल, तिला टोचून हाकललं जात असेल, ती जड जातीची असेल आणि उंची झेपत नसेल, तळपायाला जखम असेल, किंवा ती खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल. आणि रोज चढणाऱ्या सगळ्याच कोंबड्या एकाएकी खुराड्यात शिरायला नकार देऊ लागल्या, तर दांडीच्या टोकांना, फटींमध्ये टॉर्च मारून बघा. लाल माइट नावाचे बारीक परजीवी दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. पांढरा कपडा रात्री दांडीच्या खालून घासला आणि त्यावर लाल डाग आले, तर उत्तर मिळालं. रात्री एखादं जनावर येऊन गेलं असेल तरीही कोंबड्या असंच वागतात, म्हणून जाळी आणि कडी दोन्ही तपासा.

दिवसभर खोक्यात बसून राहते, हात लावला तर फुगते आणि टोचते. आजारी आहे?

बहुधा खुडूक आहे. पिसं फुलवलेली, शरीर चपटं करून बसलेली, छातीची पिसं उपटलेली, आणि आवाज नेहमीचा नसून एकसारखा ‘क्लक क्लक’. ती दिवसातून एकदा-दोनदाच, साधारण १५ ते ३० मिनिटांसाठी उठते. घाईघाईने खाते, पाणी पिते, एक भलीमोठी, दुर्गंधी विष्ठा टाकते, जमलं तर धुळीत लोळते आणि धावत परत जाते. फलित अंडी असतील तर २१ दिवसांनी पिल्लं. नसतील तर तिला फुकट झिजू देऊ नका, कारण या काळात तिचं वजन उतरतं. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, उजेडात, खाणं-पाणी देऊन काही दिवस ठेवलं की खुडूकपणा उतरतो.

खुडूक कोंबडी टोचते, फुगते, विरोध करते. आजारी कोंबडीत ही धमक नसते.

पिल्लं चालता चालता झोपतात. हे बरोबर आहे?

हो. पहिल्या दिवसांत पिल्लू उभ्या उभ्या डुलकी घेतं, तोंडावर पडतं, जागं होऊन पुन्हा टिपायला लागतं. आईखाली वाढणारी पिल्लं थोडा वेळ चरतात, थोडा वेळ ऊब घेतात आणि हे सगळी एकाच वेळी करतात. कृत्रिम उबेत वाढवताना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश आणि मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, असा हिशोब ठेवा. तापमापीपेक्षा पिल्लं नीट सांगतात: दिव्याखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर गारठली आहेत, भिंतीला चिकटून चोच उघडून पडली असतील तर तापली आहेत, सगळीकडे पसरून झोपली असतील तर बेत जमला आहे. चौथ्या-सहाव्या आठवड्यापासून ती दांडी शोधू लागतात, तेव्हा जमिनीपासून थोडीच वर एक दांडी द्या.

पिसं झडताना एकदम गप्प झाली.

वर्षातून एकदा, सहसा दिवस लहान होऊ लागल्यावर, पिसं बदलतात. दोन-तीन महिने लागू शकतात. पिसं मुख्यतः प्रथिनांचीच बनलेली असल्यामुळे शरीराची सगळी ताकद तिकडे जाते. अंडी थांबतात, कोंबडी एकलकोंडी होते, हात लावू देत नाही. नव्या पिसांची उगवती खुंटं दुखतात, म्हणून उचलणं टाळा आणि खाद्यातली प्रथिनं वाढवा. भूक मात्र टिकून असायला हवी.

मग आजारी कोंबडी ओळखायची कशी?

कोंबडी आजार लपवते. कळपातली कमजोर कोंबडी बाकीच्यांच्या चोचींना आणि शिकाऱ्यांना सोपी सापडते, म्हणून ती शेवटपर्यंत उभी राहायचा प्रयत्न करते. तुम्हाला ती ‘जरा गप्प’ वाटते तेव्हा आजार बहुधा पुढे गेलेला असतो. म्हणून वेळेतला बदल हा सगळ्यात लवकर मिळणारा इशारा आहे. सकाळी दार उघडल्यावर शेवटी उतरली. दाणे टाकल्यावर आली, पण चोच न घालता उभी राहिली. उन्हं असतानाच दांडीवर जाऊन बसली. यांतली एखादी गोष्ट एकदा घडली तर लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशीही घडली तर हातात घेऊन तपासा.

तपासताना अन्नपिशवी, छातीचं हाड, तुऱ्याचा रंग, शेपटीखालची पिसं, तळपाय आणि श्वासाचा आवाज पाहावा. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं तर वजन बरेच दिवस उतरत आहे. विष्ठेबद्दल एक खुलासा: दिवसातून काही वेळा येणारी तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा नेहमीचीच असते, ती आतड्याच्या वेगळ्या भागातून येते. रक्त, सतत पाण्यासारखी किंवा हिरवट विष्ठा ही मात्र दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही.

खांदे वर काढून, मान आत ओढून, शेपूट खाली टाकून, पिसं फुलवून उबदार हवेतही कोपऱ्यात उभी असलेली कोंबडी आजारी आहे, असं धरूनच चाला. शरीर जवळजवळ सरळ उभं धरून, शेपूट पंपासारखी हलवत कुंथत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. यात तासांचा प्रश्न असतो, पशुवैद्यकांना लगेच दाखवा. एकापेक्षा जास्त कोंबड्या एकदम सुस्तावल्या, चेहरा सुजला, श्वासाला घरघर लागली किंवा अचानक मृत्यू झाले, तर कोंबड्या हलवू नका, मेलेल्यांना उघड्या हाताने धरू नका आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा.

वय वाढल्यावर जास्त बसून राहतात का?

हो. तीन-चार वर्षांपुढच्या कोंबड्या दुपारी जास्त वेळ बसतात, दांडीवरून उतरताना दचकतात, कधी खालच्या दांडीवर मुक्काम हलवतात. जड जातींमध्ये हे लवकर दिसतं, हलक्या, चपळ जाती म्हातारपणीही भटकतात. त्यांच्यासाठी दांडी खाली घ्या, वर चढायला एक उतरती फळी लावा आणि उतरण्याच्या जागी पेंढ्याचा जाड थर ठेवा. म्हातारी कोंबडी सावकाश चालेल, पण संध्याकाळच्या चरण्याला ती येतेच. ज्या दिवशी ती येणार नाही, त्या दिवशी तिला उचलून अन्नपिशवी आणि वजन बघा.